शाळेचा फॉर्म दवाखान्यात

ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या सदर बाजाराजवळच्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, तेव्हा रुग्णनोंदणीचा फॉर्म मी नव्याने बनवला नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेसाठी आदल्या वर्षी केलेला प्रवेशाचा फॉर्म हाताशी होता. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, सगळे रकाने तेच. अख्खं फोल्डर कॉपी केलं, ‘विद्यार्थी’च्या जागी ‘रुग्ण’ केलं, ‘इयत्ता’ काढून ‘विभाग’ टाकला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत स्क्रीन तयार झाली. वीस-बावीस खोट्या नोंदी भरून पाहिल्या. सगळ्या बिनतक्रार जतन झाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. त्यांच्या प्रवेशाच्या यादीत अनोळखी मुलं दिसत होती. ‘जतन करा’ या बटणामागे शाळेच्या डेटाबेसचा पत्ता तसाच राहिला होता आणि मी दवाखान्याचे रुग्ण शाळेच्या पटावर चढवत होतो.

नोंदी काढल्या, शाळेची माफी मागितली. चूक चाचणीतच कळली म्हणून निभावलं. खरे रुग्ण भरले गेले असते तर एका संस्थेची खासगी माहिती दुसऱ्या संस्थेच्या हाती गेली असती. त्या संध्याकाळी मी तो फॉर्म पहिल्यांदा ओळीओळीने वाचला, आणि आपण काय कॉपी केलं होतं ते समजलं. लहान शहरांत एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून दुकानांचं, शाळांचं, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणारे बरेच जण आहेत. एका कामातला फॉर्म दुसऱ्या कामात नेणं हे आपल्या सगळ्यांचं रोजचं काम. ते नीट कसं करावं, यासाठी हा लेख.

फॉर्म म्हटलं की डोळ्यांपुढे स्क्रीन येते. पण त्या फाइलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे दिसणं: रकाने, लेबलं, बटणं, त्यांची जागा. दुसरी म्हणजे नियम: कोणता रकाना सक्तीचा, मोबाइल दहा अंकी हवा, जन्मतारीख उद्याची नको. तिसरी म्हणजे साठवण: माहिती कुठून आणायची, कुठे ठेवायची. दिसणं सहज उचलता येतं. नियम निम्मे-अर्धे उचलता येतात. साठवण मात्र त्या त्या प्रोजेक्टचीच असते. तिन्ही एकाच फाइलमध्ये लिहिलेल्या असतील, तर एक उचलायला गेलं की उरलेल्या दोन्ही सोबत येतात. शाळेच्या फॉर्मबरोबर माझ्याकडे शाळाही आली होती.

जुनं सामान पुन्हा वापरण्याची ओढ या धंद्याइतकीच जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी अशी मांडणी केली की, कारखान्यातल्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळायला हवेत. भाग कुठे कापायचा, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या एका निबंधात दिलं. त्यांचं म्हणणं असं, की कामाच्या क्रमाप्रमाणे प्रोग्रामचे तुकडे पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका तुकड्याच्या पोटात ठेवा, म्हणजे बदलताना बाकीच्यांना त्याची झळ लागणार नाही. पन्नास वर्षांनंतरही फॉर्म कापताना मी याच कसोटीवर कापतो.

आणि आपल्याकडे तर हे शहाणपण संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. मोडीतला जुना पत्रव्यवहार पाहा. कोणाला कोणता मायना लिहायचा हे ठरलेलं असे. वडीलधाऱ्यांना एक, बरोबरीच्यांना दुसरा, धाकट्यांना तिसरा. शेवटचं ‘बहुत काय लिहिणे’ ठरलेलं. यादवकाळातल्या हेमाद्रीच्या नावावर सांगितलं जाणारं मेस्तक म्हणजे अशा नमुन्यांचाच संग्रह. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारातली मराठी पत्रंही याच शिस्तीत लिहिली गेली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: एकाला लिहिलेलं पत्र घेऊन, त्यातलं नाव खोडून कारकून ते दुसऱ्याला धाडत नसे. मायना तयार असे, शेवट तयार असे; मधला मजकूर दर वेळी नवा. पुनर्वापर तुकड्यांचा होता, पत्राचा नव्हता.

फॉर्मचंही असंच आहे, आणि या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. अख्खा फॉर्म क्वचितच दुसऱ्या प्रोजेक्टच्या कामाचा असतो. त्यातले तुकडे मात्र जन्मभर कामाला येतात. शाळेचा प्रवेश, दवाखान्याचा केसपेपर, आडतियाची पावती हे फॉर्म त्या त्या धंद्याचे आहेत. ते नव्याने लिहा, त्यात कमीपणा नाही. पण पत्ता, नाव, दोन तारखांमधला काळ, ‘शोधा आणि निवडा’ची यादी, जीएसटी क्रमांकाचा रकाना, बॅकअपची स्क्रीन, लॉगिन हे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये येतातच. मेहनत घ्यायची ती यांच्यावर.

तुकडा कधी वेगळा करावा, याचा एक साधा नियम प्रोग्रामरांमध्ये रुळला आहे. पहिल्यांदा लिहा. दुसऱ्यांदा लागला तर नाक मुरडून का होईना, पुन्हा लिहा किंवा कॉपी करा. तिसऱ्यांदा लागला की वेगळा काढा. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकातून हा नियम जगभर पोहोचला. त्यात त्यांनी त्याचं श्रेय डॉन रॉबर्ट्स यांना दिलं आहे. मी तो मनापासून पाळतो. एकाच गिऱ्हाइकाचं काम पाहून ‘सगळ्यांना चालेल’ असा तुकडा बांधायला गेलो, तेव्हा दर वेळी अंदाज चुकला. तीन वेगळ्या ठिकाणचे लोक तो रकाना कसा भरतात ते पाहिल्यावरच, त्यातलं पक्कं काय आणि बदलतं काय हे दिसतं.

पत्त्याचं उदाहरण

पत्त्याचा तुकडा जवळून पाहू, कारण सर्वांत जास्त मी याच्याकडूनच शिकलो.

शाळेच्या फॉर्ममध्ये पत्ता असा होता: घर, गल्ली, शहर, जिल्हा, राज्य, पिन. पिनच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य आपोआप भरलं जायचं. मला त्याचा अभिमान होता. पिन कोडची रचना खरंच सुरेख आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला अंक विभागाचा. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचा अंक पाहिला की मध्य प्रदेश वेगळा काढता येतो. मुरारचा पिन ४७४००६. तो भरला की ‘मध्य प्रदेश’ उमटायचं आणि राज्याचा रकाना कुलूपबंद व्हायचा. शाळेत एकदाही अडचण आली नाही.

मुरार ही छावणी आहे. इंग्रजांच्या ताब्यात असलेली ही छावणी आणि ग्वाल्हेरचा किल्ला १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आले. आज इथे भारतीय सैन्य आहे. साहजिकच दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात एका जवानाची पत्नी आली आणि तिने पत्ता सांगितला तो नवऱ्याचा: क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. पिन नऊने सुरू होणारा. वेलणकरांनी नववा विभाग सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला आहे. त्या पत्त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो, राज्य नसतं. माझ्या फॉर्मने पिनला लाल चौकट दाखवली. राज्य रिकामं, म्हणून जतन होईना. खिडकीवरच्या मुलीने दोनदा प्रयत्न केला, मागे रांग वाढत होती, शेवटी तिने पिन खोडून ४७४००६ टाकला. पुढे महिनाभर ती प्रत्येक फौजी कुटुंबाला हाच पिन देत राहिली. मी यादी तपासली तेव्हा कळलं, की ज्यांना अहवाल टपालाने पाठवायचे होते त्यांचे पत्ते चुकीचे होते.

चूक तिची नव्हती. फॉर्म माणसाला अडवतो तेव्हा माणूस खोटं लिहून पुढे जातो. रकान्यावर नियम घालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. आणि पुनर्वापरात हा धोका वाढतो, कारण नियम एका ठिकाणच्या लोकांना पाहून लिहिलेला असतो आणि लागू होतो दुसऱ्याच ठिकाणच्या लोकांना.

आधी मी त्या तुकड्यात एक खूण वाढवली: ‘फौजी पत्ता आहे’. मग ‘राज्य सक्तीचं’ अशी दुसरी, ‘तालुका म्हणा की तहसील’ अशी तिसरी, ‘समग्र क्रमांक दाखवा’ अशी चौथी. मध्य प्रदेशात कुटुंबाचा समग्र आयडी आठ अंकी आणि व्यक्तीचा नऊ अंकी असतो, महाराष्ट्रात तो नसतोच. खुणा वाढत गेल्या आणि तुकडा कोणालाच कळेनासा झाला, मलाही. कोणती खूण चालू असताना कोणती बंद हवी, हे कागदावर लिहून ठेवावं लागायचं. अशा वेळी खुणा वाढवू नका, तुकडा फोडा. आता माझ्याकडे नागरी पत्त्याचा एक आणि सैनिकी पत्त्याचा एक असे दोन लहान तुकडे आहेत. दोघेही बाहेरच्या फॉर्मला एकाच आकाराची माहिती देतात: पाकिटावर छापता येतील अशा चार ओळी आणि सहा अंकी पिन. बाहेरच्या फॉर्मला आत कोणता तुकडा आहे ते कळतही नाही, आणि कळण्याची गरजही नाही. समग्र आयडी पत्त्यातून काढून ओळखपत्रांच्या वेगळ्या तुकड्यात नेला; तो पत्त्याचा भाग कधीच नव्हता.

‘तालुका’ की ‘तहसील’ हा फरक मात्र तुकडा न फोडता सोडवला, म्हणजे लेबलं बाहेरून दिली. तुकड्यात एकही मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शब्द थेट लिहू नका. सगळी लेबलं आणि सगळे इशारे भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ग्वाल्हेरला हिंदी, कोल्हापूरला मराठी, आणि दोन्हीकडचे हिशेबनीस इंग्रजी मागतात.

तुकडा सोडवून काढताना

आता प्रत्यक्ष काम. जुन्या प्रोजेक्टमध्ये अडकलेला फॉर्म सोडवण्याची माझी पद्धत सांगतो. एक नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा. त्यात तो एकच फॉर्म घाला, बाकी काही नाही. आणि कंपाइल करा. ज्या चुका दिसतील तीच त्या फॉर्मची उधारीची यादी: त्याने जुन्या घरातून काय काय घेतलं होतं, ते एकेक ओळीत समोर येतं. माझ्या पत्त्याच्या फॉर्मने पहिल्या दिवशी पडदा भरून चुका दाखवल्या. घाबरू नका. नीट पाहिलं तर त्या चार-पाच प्रकारांतच बसतात.

पहिला प्रकार जागतिक चलांचा, म्हणजे कुठूनही वाचता येणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलचा: चालू शैक्षणिक वर्ष, लॉगिन केलेला माणूस, शाखेचा क्रमांक. तुकड्याला यातलं खरंच काही हवं असेल तर ते त्याला उघडताना हातात द्या. बहुतेक वेळा कळतं, की त्याला ते नकोच होतं. दुसरा प्रकार डेटाबेसचा. तुकड्याच्या आत क्वेरी असता कामा नये, कनेक्शनचा पत्ता तर मुळीच नको. त्याला जिल्ह्यांची यादी हवी असेल तर त्याने ती मागावी आणि बाहेरच्याने द्यावी. बाहेरचा ती सर्व्हरवरून आणतो, फाइलमधून वाचतो की चाचणीसाठी हाताने लिहून देतो, ते तुकड्याला ठाऊक नसावं. तिसरा प्रकार दुसऱ्या फॉर्मला हात लावण्याचा: पत्ता बदलला की मुख्य खिडकीच्या तळपट्टीवर ‘बदल जतन नाही’ असं लिहायचं, वगैरे. तिथे तुकड्याने फक्त ‘माझ्यात बदल झाला’ असा इव्हेंट द्यावा. ऐकणारा कोण, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. उरलेल्या चुका चित्रं, फाँट, रंग अशा किरकोळ असतात. त्या बाहेरच्या फॉर्मकडून घ्या.

आणि ‘जतन करा’ हे बटण तुकड्यात ठेवूच नका. या एका नियमासाठी मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. तुकडा माहिती घेतो, तपासतो आणि मागितली की देतो. ठेवायची कुठे हे तो ज्या घरात बसला आहे त्या घराने ठरवायचं. हे बटण त्या दिवशी शाळेच्या फॉर्ममध्ये नसतं, तर तो फोन आलाच नसता.

चुका संपल्या की रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तुकडा चालवून पाहा. हा प्रोजेक्ट टाकून देऊ नका. तोच पुढे तुमचं नमुनाघर होतो. माझ्या नमुनाघरात प्रत्येक तुकडा तीन अवस्थांत उभा आहे: रिकामा, नीट भरलेला आणि मुद्दाम चुकीचा भरलेला. नवं गिऱ्हाईक आलं की मी त्यांना तेच दाखवतो. त्यात खरी नावं कधीच नसतात. रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची खरी माहिती नमुन्यात राहू देणं हा बेजबाबदारपणा आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने या बाबतीतली आपली जबाबदारी आणखी स्पष्ट केली आहे.

यानंतर बहुतेक जण गडबड करतात ती अशी, की सोडवलेला तुकडा थेट नव्या प्रोजेक्टमध्ये बसवतात. तसं करू नका. आधी तो जुन्याच प्रोजेक्टमध्ये परत बसवा. तिथे वर्षभराची खरी माहिती आहे, रोज वापरणारी माणसं आहेत. काही राहून गेलं असेल तर दोन दिवसांत कळतं. शिवाय एकच तुकडा दोन ठिकाणी दोन रूपांत जगू लागला, तर पुनर्वापर झालाच नाही, नुसती नक्कल झाली.

बोटांच्या सवयीकडेही लक्ष द्या. आपल्याकडचे जुने ऑपरेटर डॉसच्या काळापासून एंटर दाबत पुढच्या रकान्यात जातात. माउसला हात लावत नाहीत. तुकडा दुसऱ्या फॉर्मच्या पोटात बसवला की टॅबचा क्रम बदलतो, आणि शेवटच्या रकान्यातून एंटर दाबल्यावर कर्सर कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. तुकड्यातून बाहेर पडताना कर्सर बाहेरच्या फॉर्मच्या पुढच्या रकान्यावरच गेला पाहिजे. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्या माणसासाठी हा बारीक तपशील नाही.

हत्याराप्रमाणे थोडं

तुम्ही कोणत्या हत्याराने काम करता त्यावर काही गोष्टी अवलंबून आहेत. अजूनही कोणी व्हिज्युअल बेसिक सहा सांभाळत असेल, आणि असे बरेच आहेत, तर फॉर्मची फाइल नेताना तिच्या जोडीची एफआरएक्स फाइल विसरू नका, नाहीतर चित्रं आणि आयकॉन गळून पडतात. तिथे एकच फाइल दोन प्रोजेक्टांना जोडलेली असू शकते. एकात बदल केला की दुसऱ्यातही होतो, हे माहीत नसेल तर डोकं चक्रावतं.

डेल्फीवाल्यांना १९९९ च्या पाचव्या आवृत्तीपासून फ्रेम मिळाली. अशा तुकड्यांसाठी इतकं सरळ साधन मी दुसरीकडे कमी पाहिलं. लॅझारसमध्येही ते आहे. फक्त एक सावधगिरी बाळगा: फ्रेम फॉर्मवर ठेवल्यावर तिथे एखादा गुणधर्म बदललात, तर मूळ फ्रेममध्ये पुढे केलेला तोच बदल त्या ठिकाणी पोहोचत नाही. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये यूझर कंट्रोल वापरा. फॉर्मचा वारसा, म्हणजे एका मूळ फॉर्मवरून बाकीचे बनवणं, तिथेही जमतं आणि मोह पडतो. पण एका पायरीच्या पुढे जाऊ नका. मूळ फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाबेसची एक ओळ असली तरी त्यावरून बनलेले फॉर्म डिझायनरमध्ये उघडेनासे होतात. क्यूटीमध्ये स्क्रीनची फाइल एक्सएमएलमध्ये असते, ती वेगळी ठेवणं सोपं आहे. वेबवर रिअॅक्ट किंवा व्ह्यू वापरणाऱ्यांना कंपोनंटची सवय असतेच. तिथे चूक होते ती कंपोनंटच्या आतच सर्व्हरचा पत्ता लिहिण्याची. माझ्याच बटणाची चूक, फक्त कपडे नवे.

तुकडे ठेवायचे कुठे? वेगळ्या गिट भांडारात, प्रत्येक प्रोजेक्टच्या बाहेर. आणि त्यांना तीन भागांचा आवृत्ती क्रमांक द्या. चूक दुरुस्त केली तर शेवटचा अंक वाढवा, काही नवं दिलं तर मधला, आणि जुन्या वापरकर्त्याचं काही मोडणार असेल तर पहिला. प्रत्येक प्रोजेक्ट कोणती आवृत्ती वापरतो ते त्या प्रोजेक्टमध्येच लिहिलेलं असू द्या. तुकडा सुधारला म्हणून सगळीकडे आपोआप जाऊ देऊ नका. शाळेत परीक्षा-शुल्काचा आठवडा चालू असताना पत्त्याचा रकाना बदलण्याचं काही कारण नसतं. दोघा-तिघांच्या चमूसाठी मी गिटच्या सबमॉड्यूलपेक्षा पॅकेज पसंत करतो. डॉटनेटवाल्यांना तर नूगेटचं पॅकेज एका साध्या फोल्डरमधूनही वाटता येतं, सर्व्हर लागत नाही.

हक्काचा प्रश्नही याच वेळी सोडवा. नोकरीत असताना लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मालकाकडे असतो. तो फॉर्म नोकरी सोडताना पेनड्राइव्हवर घेऊन येऊ नका. स्वतंत्र काम घेताना करारात एक ओळ लिहा: सर्वसाधारण तुकडे तुमचे राहतील आणि गिऱ्हाइकाला ते वापरण्याचा कायमचा परवाना असेल. मी हे आधी सांगतो, तेव्हा आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

नावाचा रकाना

शेवटी नावाबद्दल, कारण पत्त्याची चूक सुधारता येते, नावाची माणसाला लागते.

महाराष्ट्रातल्या फॉर्मवर आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव असे तीन रकाने असतात आणि तिन्ही सक्तीचे. इथे उत्तरेत ‘नाम’ एक आणि ‘पिता/पति का नाम’ दुसरा. असंख्य लोक आडनाव लावतच नाहीत. पुण्याहून आणलेला तीन रकान्यांचा तुकडा इथे बसवला, की आडनावात ‘देवी’ आणि ‘कुमार’ भरले जातात आणि पुढे आडनावाप्रमाणे केलेली यादी निरर्थक होते. म्हणून माझ्या तुकड्यात ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना सक्तीचा आहे. बाकीचे ज्या प्रोजेक्टला हवेत त्याने मागावेत.

आणि शाळेच्या फॉर्ममधला आणखी एक नियम दवाखान्यात आला होता. नावात फक्त देवनागरी अक्षरं चालावीत म्हणून मी परवानगी असलेल्या अक्षरांची यादी हाताने लिहिली होती, हिंदी वर्णमाला समोर ठेवून. अ पासून ह, मग क्ष, त्र, ज्ञ. एके सकाळी मी दवाखान्यातच बसलो होतो. खिडकीवर एक आजी आल्या, लष्कर भागातून रिक्षाने आलेल्या. आडनाव सांगितलं काळे. मुलीने इनस्क्रिप्टवर बरोबर शिफ्ट आणि एन दाबून ळ लिहिला, रकाना लाल झाला. तिने ल लिहिला, रकाना हिरवा झाला. पावती हातात आल्यावर आजींनी चष्मा वर करून वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अरे बाळा, आमचं आडनाव काळे आहे, काले नव्हे.” तीन पिढ्या या शहरात काढलेल्या घरातल्या बाईंना त्यांचं आडनाव माझ्यासारख्या मराठी माणसाच्या फॉर्मने नाकारलं होतं.

तो नियम मी त्याच दिवशी काढला. आता युनिकोडमधला देवनागरीचा संपूर्ण पट्टा चालतो, जोडाक्षरांसाठी लागणाऱ्या अदृश्य खुणांसह. आणखी एक सवय लावून घेतली. ‘राठौड़’मधला ड़ संगणकात दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ड आणि नुक्ता असा, दोन्ही दिसायला सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ‘गोऱ्हे’मधल्या ऱ चंही तसंच. म्हणून जतन करण्याआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणून घ्या. आणि जुना मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटात असेल, जसा मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत ढिगाने आहे, तर तो तुकड्यात घेण्यापूर्वी युनिकोडमध्ये बदला. कृतिदेवातलं नाव हे संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचा ढीग असतं.

माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे नावाचा जो तुकडा असेल, तुम्ही लिहिलेला असो किंवा कोणाकडून घेतलेला, तो आज रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडा आणि त्यात काळे, गोऱ्हे आणि राठौड़ ही तीन आडनावं भरून, जतन करून, शोधून पाहा. तिन्ही जशीच्या तशी परत आली, तरच तो तुकडा दुसऱ्या घरी पाठवा.